धुराची परीक्षा

चहाच्या हॉटेलात गेलो की सर आधी बाकावर बसत नसत. स्टोव्हपाशी जात, गुडघ्यांवर हात ठेवून वाकत आणि ज्योत बघत. मग हॉटेलवाल्याला सांगत, "पंप जरा कमी मार. घाई केलीस की ती नीट जळत नाही." हॉटेलवाला "व्हय सर" म्हणे आणि सरांची पाठ वळली की पुन्हा पंप मारी. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याबरोबर बाहेर पडायला थोडं अवघडल्यासारखं होतं आणि तरी आपण पडतो.

सोलापूरच्या एका तंत्रशाळेत आम्ही दोघं शिकवत होतो. ते इंजिनं शिकवत, मी वर्कशॉप बघत होतो. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण वीजकपात रोजची झाली होती. सरांचं घर तेलुगू, वडील आणि भाऊ मागावर बसणारे. वीज गेली की त्यांच्या गल्लीतले यंत्रमाग एकदम गप्प होत. ती शांतता सरांना सोसत नसे. "शेणापासून गॅस होतो. मग त्यावर चाक का फिरू नये?" एवढंच त्यांचं म्हणणं.

एकदा ते टेंभुर्णीहून एस.टी.नं आले ते पोत्यात काहीतरी जड बांधून. तिथल्या धरणाच्या कामावरच्या मोडक्या यंत्राचा टर्बोचार्जर होता तो. म्हणजे इंजिनाच्या गरम धुरावर गरगरणारं पात्यांचं चाक. त्याच्या तोंडाशी पत्र्याचं नळकांडं बसवायचं, त्यात गोबरगॅस जाळायचा आणि त्या झोतावर चाक फिरवायचं. झालं छोटं गॅस टर्बाइन. तंत्रशाळेमागच्या गोठ्यात गोबरगॅसची टाकी होतीच. तिच्याशेजारी आम्ही पत्र्याची शेड ठोकली.

पण गोबरगॅस दुबळा. त्यात न जळणारी हवाच फार. वारा जोरात सोडला की ज्योत विझायची, कमी केला की पिवळी होऊन काजळी धरायची. नळकांड्याला भोकं कुठं आणि केवढी पाडायची, यातच सगळा उन्हाळा गेला. मी भोकं पाडायचो, सर वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अजून घाई होतेय तिला." मी नवा पत्रा घ्यायचो.

धूर स्वच्छ आहे की नाही हे तपासायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते काम वहिनींनी अंगावर घेतलं.

वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, जुना दमा होता. दुपारी त्या डबा घेऊन शेडवर येत. एकदा यंत्र चालू असताना वारा फिरला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. सरांनी धावत जाऊन गॅस बंद केला. वहिनी पदरानं डोळे पुसत हसल्या.

"बंद कशाला केलं? कळलं की तुमाला. अजून नीट जळत न्हाय."

"तू घरी जा आधी."

"जाते. पण माज्यासारखं मीटर कुटं मिळणार हाय का तुमाला?"

तेव्हापासून त्या मुद्दाम तिथं उभ्या राहू लागल्या. धुराड्यापासून लांब, पण झोत येईल अशा बाजूला. सर आधी नको म्हणत. मग म्हणेनासे झाले. खोकला आला की वहिनी हात वर करत आणि आम्ही भोकं बदलत असू. गॅस लोखंडाच्या किसातून सोडायला लागलो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास गेला. वहिनी म्हणाल्या, "आज बरंय." सरांनी त्या दिवशी आम्हा दोघांना नवी पेठेत नेऊन लस्सी पाजली.

पावसाळा संपता संपता ज्योत निळी झाली आणि निळीच राहिली. वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या. हात वर झाला नाही. "काय?" सर ओरडले. "काय न्हाय!" त्याही ओरडल्या. "नुसतं गरम लागतंय!" सर मटकन खाली मातीत बसले. त्यांना मी इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

थंडीत वहिनी गेल्या. घरीच, सकाळी चूल पेटवताना दम लागला आणि तो खाली बसलाच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सर रडले नाहीत. सुट्टी संपल्यावर कामावर आले, वर्ग घेतले, हजेरी घेतली. डबा आणत नसत. मी माझ्यातली भाकरी पुढे केली की खात, नाही केली तर मागत नसत. एका दुपारी शेडच्या दारात बसलेले असताना त्यांनी विचारलं, "मी तिला तिथं उभं करायला नको होतं का?"

"सर, दमा जुना होता. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"डॉक्टरांनी मला सांगितलं. मी तुम्हाला विचारतोय."

मी हातातला पत्रा उलटसुलट करत राहिलो. मग तेच म्हणाले, "राहू द्या," आणि उठून वर्गावर गेले.

पुढे यंत्र बघायला पुण्याहून पाहुणे आले. यंत्र छान चाललं, त्याला जोडलेल्या डायनॅमोवर दिवा लख्ख पेटला. पाहुण्यांनी धुराड्याजवळ नाक नेऊन पाहिलं, माना डोलावल्या. त्यांतल्या एका तरुणानं उत्सुकतेनं विचारलं, "तपासायला साधन नसताना धूर इतका स्वच्छ कसा केलात?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "होतं साधन," ते म्हणाले आणि गॅसची चावी बंद केली. चाक हळूहळू थांबलं आणि दिवा विझला.

त्यांनी स्वतः ते पुन्हा चालवलं नाही. "तुम्ही बघा आता," म्हणून शेडच्या चाव्या माझ्या हातात दिल्या आणि उन्हाळ्यात भिवंडीला माग चालवायला गेलेल्या भावाकडे निघून गेले.

नंतर एकदाच भेटले, नवी पेठेत. पुतणीच्या लग्नाचं कापड घ्यायला आले होते. मी यंत्राचं सांगू लागलो. दुसऱ्या कुणाच्या नातेवाइकांविषयी ऐकावं तसं ते सभ्यपणे ऐकत होते.

"तुमचं कसं चाललंय?" मी विचारलं.

"व्यवस्थित. जेवण जातं. झोप लागते. फक्त..."

माणसं आम्हाला धक्के देत जात होती.

"फक्त काय, सर?"

पुढं काय म्हणायचं होतं ते त्यांनी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं, हे मला दिसत होतं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि कापडाचा गठ्ठा दुसऱ्या काखेत घेऊन गर्दीत शिरले.