नमुन्याची बाटली

उतारवयात लिहायला बसलो तो एका बाटलीमुळे. तिची हकीकत जिला सांगायला हवी होती, तिला मी अजूनही सांगू शकलेलो नाही.

पांढरकवड्याहून महामार्ग सोडून आत गेले की एक बंजारा तांडा लागतो. त्याच्याजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. फ्लोराईडचा धडा आला की समोरची मुले तोंडावर हात धरत; दातांवर तपकिरी पट्टे नाहीत असे मूल वर्गात क्वचितच असे. तांड्याला पाण्यासाठी एकच हापशी. त्या पाण्यातले फ्लोराईड आधी दातांत उतरते, पुढे हाडांत. हापशीसमोर राहणाऱ्या म्हातारीचे गुडघे कित्येक वर्षांत सरळ झाले नव्हते. सारा तांडा तिला याडी, म्हणजे आई म्हणे. मीही म्हणू लागलो.

मला बोलणे जमत नाही, अर्ज लिहिता येतात. पुष्कळ अर्जांनंतर तालुक्याहून नमुन्याची बाटली आली. पाणी दूषित ठरले तरच तांड्याला शुद्धीकरणाचे यंत्र मिळणार होते. बाटली मी स्वतः भरायची होती. परंतु हापशीवर सदैव बायकांची गर्दी असे, आणि त्यांच्यात जाऊन उभे राहण्याचा मला संकोच वाटला. मी बाटली याडीच्या हाती दिली.

"उद्यापर्यंत नीट भरून ठेवा. सायेब तपासतील, मग मशीन मिळेल," एवढेच बोललो. दुसऱ्या दिवशी बाटली तयार होती, वर पांढरे फडके बांधलेली. भरणाऱ्याच्या जागी सही मी केली.

पंधरवड्याने अहवाल आला : पिण्यास योग्य. यंत्र मिळणाऱ्या गावांच्या यादीतून तांड्याचे नाव गेले. काहीच न उमगून मी तो कागद घेऊन याडीकडे गेलो.

"पास झालं ना गुरुजी?" तिने दारातूनच विचारले.

"झालं. पण कसं झालं?"

"कसं म्हंजे? हापशीचं खारं पाणी कायले पाठवू सायबाले? तांड्याची इज्जत हाय का नाही? नाल्यापल्याडच्या इहिरीचं आणलं. दोनदा गाळलं."

"तुम्ही गेलात? एवढ्या लांब?"

"गेलती ना. बसत, उठत. हापशीवरच्या बाया म्हणे, याडी, नवरा पाहाले चालली काय? म्या म्हणलं, सापडला तर तुमाले नाही दाखवत!" ती खूप हसली. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आता सांगा, मशीन कवा येते?"

तेव्हा मला कळले. शाळेत पास होणाऱ्याला बक्षीस मिळते. तिने तसेच धरले होते. आणि हापशीचेच पाणी भरा, नापास होण्यासाठीच भरा, हे चार शब्द मी उच्चारले नव्हते. तिला खरे सांगायचे, तर तिच्या त्या चालण्यानेच यंत्र गेले, असे सांगावे लागणार होते.

"येईल," मी म्हणालो.

फेरतपासणीचा अर्ज मी केला. नमुना कोणी भरला होता, ते त्यात लिहिण्याचे धैर्य झाले नाही. कारणाच्या जागी काहीतरी मोघम लिहिले. उत्तर आले नाही. पुढे मी निवृत्त झालो, आणि निवृत्त माणसाच्या अर्जांना कोण विचारतो?

याडी आता चालत नाही. बसल्या जागी सरकत दारापर्यंत येते. हापशीच्या बाजूची ओट्याएवढी जागा तिने सुनेकडून सारवून घेतली आहे. तिथे कोणी शेळी बांधली तर ती दारातून ओरडते, "सोड ते! मशीनची जागा हाय."

परवा गेलो तेव्हा तिच्या नातीच्या वरच्या दातावर पहिला पट्टा दिसला. याडीने तिच्याकरवी मला हापशीचे गार पाणी दिले. मी तांब्या पुरता संपवला.

"गुरुजी, मशीन?"

"येईल," मी म्हणालो.