खंडेनवमीचा धूप

धुपाचा वास आला की माझे हातपाय अजून गार पडतात. बेळगावात नोकरीला लागलो तेव्हा खडेबाजारातल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. त्या खंडेनवमीला प्रत्येक कॉम्प्युटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर हळदकुंकू, आणि मी मात्र "यंत्राला पूजा नको, देखभाल पाहिजे" असं सगळ्यांना ऐकवत फिरत होतो. पत्र्याच्या कपाटातला यूपीएस सकाळपासून टीं टीं करत होता. आरतीत कटकट नको म्हणून मीच बटण दाबून त्याला गप्प केलं. आरती रंगात आली तेव्हा झाडलोट करणाऱ्या, वडगावच्या विणकर घरातल्या आक्कांनी माझी बाही ओढली. "अण्णा, ह्यो वास धुपाचा न्हाय. आमच्या मागाची मोटर जळालती, तवा असाच आलता." मी हसलो. त्यांनी कपाटाला उलटा हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. दार उघडलं तर आत धूर, बॅटरी पावासारखी फुगलेली, आणि मेन स्विच नेमका तिच्या वरती. खाली उतरायला जिना एकच, आणि मागं वीस-पंचवीस माणसं डोळे मिटून टाळ्या वाजवत होती. माझा हात उचलेना. "बंद कर की रं!" आक्का ओरडल्या. तोंड फिरवून मी धुरात हात घातला. पंखे थांबले, आरती थांबली, आणि सगळे जिन्याकडं धावले. त्यानंतर मी कुणाला काही ऐकवलं नाही. दर खंडेनवमीला आरतीआधी यूपीएसच्या कपाटाला हात तेवढा लावून बघतो. ऑफिसातल्यांना वाटतं, मी नमस्कार करतोय.