पडीचा एक

शनिवारी सकाळची शाळा असायची. साडेदहाला सुटलो की मी घरी न जाता बोर्डीच्या बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जायचो. बा तिथे आधीच बसलेला असायचा. पहाटेपासून चिकूची तोड करायची, खोकी भरायची, आणि मग बाजाराला जातो असं आईला सांगून निघायचं, हा त्याचा शनिवारचा नेम. रिकामी पिशवी मांडीवर ठेवून तो दुकानाच्या बाकड्यावर बसायचा. आम्ही दोघं तिथे ऑस्ट्रेलियातला फुटबॉल बघायचो.

ही गोष्ट मी कॉलेजात कुणाला सांगितली नाही. आता ऑफिसात सांगितली तर लोक हसतात. डहाणूच्या ऑफिसात क्रिकेटवर बोलणारे खूप आहेत. त्या फुटबॉलचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही. आम्हालाही ते माहीत नव्हतं. आम्ही त्याला 'चिकूची मॅच' म्हणायचो, कारण चेंडू लांबट होता आणि दुरुस्तीला आलेल्या टीव्हींवर तो हमखास तपकिरी दिसायचा. पहिल्या दिवशी बा म्हणाला होता, "केवढा चिकू! आन् लाथा मारतात त्याला?"

दुकानदार गुजराती बोलणारा. सगळे त्याला शेठ म्हणत. त्याला त्या खेळात काडीचा रस नव्हता. केबलवर शनिवारी सकाळी तो लागायचा आणि मैदान मोठं, हिरवंगार असायचं, म्हणून दुरुस्त केलेला प्रत्येक सेट तो त्यावर तपासायचा. "हिरवं हिरव्यासारखं दिसलं, पळणारा माणूस फाटला नाही, म्हणजे सेट बरा," असं त्याचं गणित. स्पीकर तो सोडवून बाजूच्या टेबलावर ठेवायचा, त्यामुळे आवाज कधीच नसायचा. आम्ही ती सगळी वर्षं मुक्या मॅचेस बघितल्या.

"आ गांडाओनी रमत छे," शेठ म्हणायचा. वेड्यांचा खेळ आहे हा. "आणि त्याहून वेडे तुम्ही, मुकादम. काम नाही का वाडीत?"

बा मुकादम नव्हता, साधा मजूर होता. पण शेठ चिडवायला तेच म्हणायचा आणि बालाही ते आवडायचं.

"काम हाय ना शेठ. तुमचा टीवी राखायचं."

नियम आम्ही बघून बघूनच शिकलो. मैदान अंड्यासारखं. दोन्ही टोकांना चार चार खांब, वर आडवी दांडी नाही. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की सहा गुण. कुणी चेंडू हवेत स्वच्छ झेलला की सगळ्यांनी थांबायचं आणि त्याला निवांत लाथ मारू द्यायची. बाला हे फार पटायचं. "झेलला म्हणजे त्याचा. मग ओढाताण कशाला?" खांबांजवळ पांढरा कोट आणि टोपी घातलेला एक माणूस उभा असायचा. आम्ही त्याला डॉक्टर म्हणायचो. सहा झाले की तो दोन्ही हातांचं एकेक बोट पुढे करायचा आणि मग दोन झेंडे हलवायचा.

पण कधी कधी तो एकच बोट दाखवायचा आणि एकच झेंडा हलवायचा. हे आम्हाला कळायला एक अख्खा पावसाळा लागला. नेम थोडा हुकला, चेंडू मधल्या खांबांऐवजी बाजूच्या खांबांमधून गेला, तर एक गुण मिळत होता. मला हे विचित्र वाटलं. चुकल्याबद्दल गुण कसा देतात? बा मात्र लगेच म्हणाला, "पडीचा हाय तो."

वाडीत तोड करताना काठीच्या जाळीतून निसटून खाली पडलेला चिकू मालक खोक्यात भरू देत नसे. पडून फुटलेलं फळ गाडीवर चालत नाही. संध्याकाळी ते मजुरांनी घरी न्यायचं. आम्ही सगळी भावंडं पडीच्या चिकूंवर वाढलो. तोडीचा मालकाचा, पडीचा आपला. त्यामुळे डॉक्टरने एक बोट वर केलं की बाकड्यावरून बा खुशीत म्हणायचा, "पडीचा!"

दहावीला गणितात मला ग्रेसचे मार्क मिळाले आणि मी पास झालो. गुणपत्रिकेवर त्या मार्कांपुढे खूण होती. मी ती घडी घालून दप्तराच्या तळाशी ठेवली. बाला वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं. काय झालं म्हणून त्याने विचारलं आणि मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे पडीचा. आपलाच हाय. घे." आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर अकरावीच्या अर्जाच्या रांगेत उभा राहिला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तिची सुरुवात त्या रांगेत झाली, हे मी विसरलेलो नाही.

त्याच पावसाळ्यात ती मॅच झाली.

त्यात आमची तिघं आवडती माणसं होती. नावं आम्हाला माहीत नव्हती. एक 'ताड'. तो दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून वर जायचा आणि चेंडू घेऊनच खाली यायचा. बा म्हणायचा, "ह्याला आमच्या वाडीत आणा, शिडी नको." एक 'फेटेवाला', डोक्याला कायम पट्टी बांधलेला, बुटका, सगळ्यांच्या पायांतून निसटणारा. आणि तिसरा लांब बाह्यांचा. बाकीचे बिनबाह्यांचे सदरे घालायचे, हा थंडी वाजल्यासारख्या पूर्ण बाह्या घालायचा आणि डाव्या पायाने मारायचा. लाथ मारण्याआधी चिमूटभर गवत उपटून हवेत सोडायचा. बाचा हा सगळ्यांत लाडका. बासुद्धा वाडीत फांदीवर काठी टाकण्याआधी वाऱ्याकडे बघायचा.

तिकडेही पाऊस होता, इकडेही. मैदानाचा चिखल झालेला. या तिघांचा, म्हणजे आमचा, संघ एका गुणाने मागे होता. एवढं इंग्रजी आकडे वाचून मी सांगितलं. वेळ संपल्याचा भोंगा झाला असावा, कारण सगळे एकदम थांबले. पण त्याच्या क्षणभर आधी लांब बाह्यांच्या माणसाने चेंडू झेलला होता. म्हणजे त्याची लाथ बाकी होती. त्याने चेंडू पोटावर पुसला. गवत सोडलं. पाच पावलं मागे गेला. शेठही हातातली सोल्डरिंगची सळई खाली ठेवून उभा राहिला.

आणि लाइट गेली.

"अरे!" तिघंही एकदम ओरडलो. बा काळ्या पडद्यासमोर तसाच उभा राहिला. लाइट आली तेव्हा पडद्यावर कुणी बाई टेनिस खेळत होती. पुढच्या शनिवारी बघू म्हटलं, तर त्या आठवड्यात केबलवाल्याने ते चॅनलच बदललं. आमच्याकडच्या पेपरात असल्या खेळाचा निकाल कोण छापणार?

मग वाद सुरू झाला, तो वर्षानुवर्षं चालला. बाचं म्हणणं, "गेला असणार. वारा बघितला त्याने." शेठचं म्हणणं, "ओल्या चेंडूवर? नाय गेला, मुकादम. सोडून द्या." बाजारात भेटले की रामराम न करता बा म्हणायचा, "गेला," आणि शेठ म्हणायचा, "नाय." शेठ गेला त्या दिवशी बा अंत्ययात्रेहून आला आणि ओटीवर बसून म्हणाला, "आता नाय म्हणायला कोण राह्यलं?" दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

आता आम्ही तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर राहतो. मी रोज एसटीने डहाणूला जातो. बाने वाडीचं काम सोडून बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी तो ताटातली भाजी चाचपायला लागला, तेव्हा मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. एक डोळा गेलेलाच होता. दुसऱ्यात मधला थोडा भाग उरला होता. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येत नाही. आहे ते औषधाने जमेल तितके दिवस राखू."

घरी येताना गाडीत बा म्हणाला, "त्या लांब बाह्यावाल्याचं काय झालं, ते तुमच्या मोबाइलात नसेल?"

तेव्हापासून मी शोधतोय. नाव माहीत नाही, संघ माहीत नाही, तारीख माहीत नाही. माझ्या अकरावीचा पावसाळा, एवढंच. जुन्या मॅचेस लोकांनी टाकलेल्या आहेत, शेकड्याने. जाता-येता एसटीत मी त्या बघायचो. रविवारी बा माझ्याजवळ सरकून एका डोळ्याने बघायचा. मोबाइल त्याच्या नाकाजवळ धरावा लागायचा.

"हा तो नव्हं. ह्याच्या बाह्या बघ."

"बाह्या नाहीतच, बा."

"मंग पुढं चल."

एकदा ताड सापडला. दुसऱ्या कुठल्या तरी मॅचमध्ये, तसाच हवेत. बाने माझं मनगट घट्ट धरलं. "अजून चढतोय बघ!" मी त्याला सांगितलं नाही की तो माणूस आता साठीला आला असेल. फेटेवालाही दिसला, पण पट्टी नसलेला, एका जाड कोटात, जुन्या खेळाडूंच्या कार्यक्रमात. तो मी बाला दाखवला नाही. मला त्या दुकानातलं बाकडं, सोल्डरिंगचा वास आणि पडद्यावरचा तो चिखलाने माखलेला फेटेवालाच हवा होता. शोधता शोधता कळलं की मी मॅच शोधत नव्हतोच फक्त. शनिवारी साडेदहाला दप्तर घेऊन त्या दुकानात शिरावं, बाने सरकून जागा द्यावी आणि न बघताच म्हणावं, "लवकर ये, एकाने मागे हायत," एवढं मला परत पाहिजे होतं.

या वर्षी रविवारचं बघणं थांबलं. मी मोबाइल पुढे धरला आणि बा म्हणाला, "नको. तूच बघ आन् सांग." त्याला आता उजेड आणि सावली तेवढी कळते. मी उशीर केला, असं मला रोज वाटायचं.

गेल्या महिन्यात ती सापडली. दुपारी, डबा खाताना. चिखल, पाऊस, लांब बाह्या. मी शेवट न बघता मोबाइल बंद केला. एकट्याने बघणं मला बरं वाटलं नाही. शनिवारी सुट्टी होती. अकरा वाजता मी ओटीवर बाजवळ बसलो.

"बा, मिळाली."

तो सरकला आणि मला जागा दिली.

मी आवाज मोठा केला. मोबाइलमधून हजारो माणसांचा गलका ओटीवर आला. बा दचकला. "हा एवढा आवाज होता तिथं?"

"होता. शेठने स्पीकर काढून ठेवलेला."

"च्यायला. आन् आपण कुजबुजत बसायचो."

मी एकेक सांगत गेलो. ताड वर गेला. फेटेवाला पडला, उठला. आकडे वाचले. मग भोंगा वाजला, लांब, घसा बसल्यासारखा, आणि बाने न बघता सांगितलं, "झेलला असेल त्याने आता."

"झेलला."

"पुसतोय?"

"पोटाला पुसतोय. गवत सोडलं."

"वारा कुणीकडं?"

"डावीकडे."

त्या दिवशी इथे लाइट गेली होती. यापुढचं मीही पहिल्यांदाच बघणार होतो. चेंडू हुकला तरी गेला म्हणावं, हे मनात आलं. बाला दिसणार नव्हतं. त्याने कितीतरी वर्षं 'गेला' म्हणत काढली होती. लांब बाह्यांचा माणूस धावला, लाथ मारली, चेंडू वर गेला, आणि वाऱ्याने वळत वळत मधल्या खांबाच्या बाहेरून, अगदी हातभर बाहेरून निघून गेला. गलका उठला. तो कसला, कळेना. पांढऱ्या कोटाच्या माणसाने एक बोट पुढे केलं.

"बोल की," बा म्हणाला.

"बा, डॉक्टरने एक बोट दाखवलं."

बाच्या तोंडाचं बोळकं उघडलं आणि तो हसायला लागला. "पडीचा! आरं, पडीचा!"

एकाने मागे होते. एक मिळाला. बरोबरी. सहा की काहीच नाही, यावर इतकी वर्षं भांडलो आणि तिघांपैकी एकालाही तो एक गुण सुचला नव्हता. ज्याने त्याला नाव दिलं, त्यालाही नाही.

"शेठ पण खरा निघाला का रं?"

"तो म्हणाला नाही गेला. नाहीच गेला."

"पण हरले पण नाय." बाने डोळे पुसले. हसून आलेलं पाणी असावं. "मंग आता काय करतायत?"

मी बघितलं. कुणी नाचत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. दोन्हीकडचे खेळाडू चिखलात जिथल्या तिथे उभे होते, काय करायचं ते न कळल्यासारखे. लांब बाह्यांचा माणूस कमरेवर हात ठेवून खांबांकडे बघत होता. मी ते तसंच सांगितलं.

"घरी कुणी जात नाही?"

"नाही. उभेच आहेत."

"राहू दे," बा म्हणाला. "बंद नको करू." त्याने हात पुढे केला. मी मोबाइल त्याच्या हातात दिला. तो त्याने दिवा धरावा तसा तोंडासमोर धरला, मान थोडी तिरकी करून, जुन्या सवयीने.

"हिरवं येतंय," तो म्हणाला. "बरा हाय सेट."

खरंच येत होतं का, ते मी विचारलं नाही.