बादली विसरणारा माणूस

बाबांच्या स्कूटरच्या हँडलला मुलामा चढवून घ्यायला मी अंबरनाथहून शेजारच्या कॅम्प पाच वस्तीतल्या एका प्लेटिंगवाल्याकडे गेले होते. पन्नाशीचा माणूस, नखं कायमची हिरवट पडलेली. बोलता बोलता तो एका जुन्या बादलीच्या आतून निळे खडे पत्र्याने खरवडून गटारात टाकत होता. मोरचुदाचे, म्हणजे तांब्याच्याच क्षाराचे, स्फटिक होते ते, अंगठ्याएवढे, कडा कापून काढल्यासारख्या. माझा नुसता जळफळाट झाला.

खेकड्याच्या रक्तात तांबं प्राणवायू वाहून नेतं. तसंच वागेल असं तांब्याचं संयुग मी पीएचडीसाठी बनवतेय. त्याची रचना कळायला एक धड स्फटिक हवा, आणि दोन वर्षं बाटलीत भुकटीच बसतेय.

"एवढे मोठे कसे केलेत हो? आमच्या लॅबमध्ये भुकटीच होते."

"केले कुठे? उरलेलं पाणी कोपऱ्यात ठेवलं न् विसरलो." मग माझ्याकडे बघून हसला. "तुम्ही रोज हलवून बघत असाल, मॅडम. छोड दो ना उसको."

दुसऱ्या दिवशी मी बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुपारपर्यंत तीनदा उघडून पाहिलं. तिकडे तो आणखी एखादी बादली विसरला असणार.