चावी आत गेली, पण फिरेना

कुलूपवाला नव्या चावीवर कानस घासतोय. पितळेच्या भुग्याचा वास घरभर झालाय, आणि मी पुन्हा सणसरला, सासरच्या त्या दारात उभी आहे.

नवरा गेला, तेरावा झाला. रीतीप्रमाणे भाऊ मला दुःख हलकं करायला माहेरी घेऊन गेला. त्याच्यासोबत परत आले तेव्हा कडेवर बाळ होतं आणि भर दुपार होती. कुलूप तेच होतं. चावी आत गेली, पण फिरेना. उंबऱ्यावर पितळेचा ताजा भुगा चकाकत होता, तरी मला वाटलं, गंज धरला असेल. शेजारणीकडं गोडंतेल मागितलं. तिनं मान खाली घालून दिलं. चावीला तेल लावत होते, तेवढ्यात सासूबाई खिडकीत आल्या.

"जोर लावू नगं, तुटंल. आतलं बदलून घेतलंय आमी. भाऊ हितंच हाय न्हवं? जा त्याच्यासंगं."

ह्या बाईला झोप कशी लागत असेल, असं कितीतरी वर्षं वाटायचं. आता कळतं, लागते.

एमआयडीसीत राबून बारामतीचं हे घर मी बांधलं. गेल्या महिन्यात मुलगा गेला. तेरावा झाल्यावर सुनेचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला.

"मावशी, कुलूप तेच ठेवलंय, नुसतं आतलं बदललं," कुलूपवाला म्हणाला. "चाव्या किती करू?"

"एकच."

तो गेल्यावर उंबऱ्यावरचा भुगा मी ओल्या फडक्यानं नीट पुसून काढला. सासूबाई तेवढ्या एकाच गोष्टीत चुकल्या होत्या.

सून उद्या येणार आहे.