गोलकीपरच्या नावावरची काट

मैदानाच्या फाटकाशी फुटबॉलचे बूट शिवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पेठेच्या संघाचा मी सेक्रेटरी. करार संपणाऱ्या खेळाडूंची यादी त्याच्याशेजारी बसून करत होतो. गोलकीपरचं नाव मोठ्यानं वाचून काट मारली, तसा त्यानं दातानं दोरा तोडला.

"सेक्रेटरी, गुडघा तुमच्याच फायनलला मोडला त्येचा. बरा हुईस्तवर तरी ठेवा की!"

"नियम आहे, मामा. जखमीचा करार वाढवत नाही."

"नियम देवानं लिवलाय व्हय?"

मीच लिहिला होता. संघाच्या बैठकीत तो बदलूया म्हटलं, तर त्याच फायनलच्या चषकासमोर बसून सगळे हसले! मी कागद आपटून उठलो, पण काट राहिली. फाटकाशी खिळ्याला गोलकीपरचे बूट अजून टांगलेले आहेत, नवी शिलाई घालून.