चटका

मेडिकलच्या काचेमागे व्हिटॅमिनच्या बाटल्या मांडल्या होत्या. एकीवर पळणारी मुलगी, एकीवर टाय लावलेला माणूस, एकीवर हसऱ्या आजी. आईसारखं कुणी कशावरच नव्हतं.

"कुणासाठी पाहिजे?" दुकानदारकाकांनी विचारलं.

"आईसाठी. तिची बोटं बधिर झालीत. डॉक्टर म्हणाले, बी-बारा कमी आहे."

चिठ्ठी बघून त्यांनी गोळ्यांची एक साधी पट्टी दिली. तिच्यावर चित्रच नव्हतं.

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून औषधं आणायचं काम माझ्याकडे. पण पट्टी घेऊनही मी तिथेच उभी राहिले. आई तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटते. पाहुणे आले की आम्ही कौतुकानं सांगायचो, "आमच्या आईला चटका लागतच नाही." तीही खूश व्हायची. कष्टानं हात असे तयार होतात, असंच आम्हाला वाटायचं. जे दुखायचं थांबतं त्याला आपण सवय म्हणत असू, बहुतेक. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. काचेत, त्या बाटल्यांच्या मधे, माझा चेहरा नुसता दिसत राहिला.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. पट्टी तिच्याजवळ ठेवून म्हटलं, "रोज घे. आणि चटका लागला की मला सांग."

ती हसली. "एवढं शिकलीस, आन् आई भाजायची वाट बघतीस व्हय गं?"

"हो," मी म्हणाले.